बेचाळीस, बेचाळीस

आमच्या कुताइसीचं एक आहे :
अक्षांश बेचाळीस, रेखांशही बेचाळीस.
काय तो फरक दशांशचिन्हापुढे.
त्सोत्नेने घाईत दोन रकाने उलटे भरले
आणि बाद्री न्हाव्याचं दुकान
खुर्ची-आरसा-वस्तऱ्यासकट
जाऊन बसलं उत्तरेच्या डोंगरात,
जिथे मेंढ्यांखेरीज कुणाचे केस वाढत नाहीत.
दुसऱ्या कुठल्या शहरात
चूक लगेच दिसली असती. इथे तीन दिवस गेले.
चौथ्या दिवशी फोनवर खुद्द बाद्री :
"पोरी, वर गारठा फार आहे. खाली आण मला."

अ‍ॅप त्सोत्नेचं, चपला माझ्या.
मी दारोदार फिरते, नऊ रकान्यांचा फॉर्म घेऊन.
रस्त्याच्या नावापाशीच घोडं अडतं.
पाटीवर एक नाव, म्हाताऱ्यांच्या तोंडी दुसरं,
आणि वीजबिलावर तिसरंच,
जे मधल्या काळात कुणी तरी दिलं
आणि पुसायचं राहून गेलं.

अवतांदिल किल्ल्या करतो
जिन्याखालच्या दीड हात जागेत.
"वेळ?"
"मी असतो तेव्हा."
"प्रकार?"
कानशीवरचा भुगा त्याने फुंकला.
"लिही, बाहेर अडकलेल्यांचा."
असा प्रकार यादीत नव्हता.
मी 'इतर' निवडलं.
'इतर'मध्ये आता अर्धं गाव राहतं.

गुलिकोच्या भट्टीला तर नावच नाही.
विहिरीसारख्या त्या तोंडात
ती कमरेपर्यंत वाकते,
आतल्या भिंतीवर कणीक थापते
आणि वर येते लालबुंद, भुवया जळक्या.
"नाव कशाला? वास येतो की."
म्हटलं, वासाला रकाना नाही.
"मग उपाशी राहील तुमचं यंत्र,"
म्हणाली, आणि गरम पाव ठेवला
नेमका माझ्या कागदावर.
वाफेने शाई फुटली. दोन दुकानं वाचता आली नाहीत,
पुन्हा जावं लागलं.

मग एकदाचं सुरू झालं.
झुझुनाच्या बटणांच्या दुकानाला
पहिल्याच आठवड्यात कुणी एक तारा दिला.
खाली शेरा : बाई बोलते फार.
तिने चष्मा पुसून विचारलं,
"एक म्हणजे पहिला नंबर ना?"
मी हो म्हटलं.
तिने तो आकडा काचेवर रंगवून घेतलाय.

रात्री त्सोत्ने झोपला की मी नोंदी वाचते,
कुणी काय शोधलं, कुणाला काय मिळालं नाही.
'अकॉर्डियनचा भाता शिवणारा' : शून्य निकाल.
'पिवळ्या दाराची मावशी, कान टोचते ती' : शून्य.
'ग्रीसला जाणारी व्हॅन, आईला लोणचं पाठवायचंय' : शून्य.
हे कुणी यंत्राशी बोलतं का?
शेजारणीला विचारावं तसं विचारतात,
आणि शेजारीण उत्तर देत नाही.

पहाटे तीन दहा. 'पाव'.
सगळ्या बेकऱ्या : बंद.
तीन चौदा. 'पाव आत्ता'.
तीन पंचवीस, तोच फोन. 'कुठेही पाव'.

गुलिको तीनलाच भट्टी पेटवते, मला ठाऊक होतं.
पण तिने वेळ सांगितली नव्हती
आणि न सांगितलेलं लिहायचं नाही,
हा नियम माझाच.
मी लिहिलं. नावाच्या जागी टाकलं : वास येतो ती.

सकाळी गेले तर ती कंबरेवर हात ठेवून उभी.
"रात्री एक जण आला.
उभ्या उभ्या चार पाव खाल्ले.
तोंडातून अवाक्षर नाही.
कुणी धाडला त्याला?"
मी चपलांकडे बघत राहिले.
ती पुन्हा भट्टीत वाकली,
आवाज आतून आला, घुमत :
"पाठव खुशाल.
पण नोट मोठी होती. माझ्याकडे मोड नसते."

त्सोत्नेकडून दहावा रकाना करून घेतला, 'सूचना'.
अख्ख्या शहरात तो अजून एकदाच भरलाय.
सुटे आणा.