सडल, बिगी

वडगावात माग अजून खटखटतात,
त्यांच्या भिंतीला लागून माझं मशीन.
गल्लीतल्या बायकांचे दंड मला पाठ आहेत.
गंगव्वा हुद्दार साडेबारा,
तिची सून नऊ, बाळंतपणानंतर अकरा.
सगळं वहीत आहे.
माझं पान नाही.
माझं झंपर मी जुन्या झंपरावरून बेतते,
ते जुनं त्याच्याहून जुन्यावरून,
असं करत करत सतराव्या वर्षाच्या मापात
बेचाळीसची मी कोंबलेली.

माप द्यायला आलेल्या अंगडी डॉक्टरीणबाईंनी विचारलं,
आरशावर कापड कशाला टाकलंय?
म्हटलं, धूळ बसते.
पर्समधून त्यांनी बाटली काढली, करंगळीएवढी.
तेरडा आहे, म्हणाल्या, जांबोटीच्या कातळावरचा.
काचेच्या वाडग्यात, पाण्यावर, तीन तास उन्हात ठेवायचा,
मग टिकायला चमचाभर ब्रँडी.
जिभेखाली चार थेंब, दिवसातून चारदा.
तेरडा!
ज्याचा रंगच मुळी तीन दिवस.
सासूबाईंनी बूच काढून हुंगलं,
"फुलाला दारू पाजून मग तुला पाजतात होय?"

घेतले. फुकट जाऊ नयेत म्हणून घेतले.
पाण्यासारखे लागायचे, शेवटी किंचित तिखट.
तीन दिवसांत काही झालं नाही.
तेराव्या दिवशीही दंड तेवढाच,
पोटाच्या वळ्या तेवढ्याच,
आणि गळ्याखालचा भाजल्याचा चट्टा,
ज्याच्यापायी जन्मभर बंद गळा शिवला, तोही.

मग ब्लाउज न्यायला आल्या अंगडीबाई.
पैसे देऊन दारात थबकल्या,
"चंद काणतीरी."
माझी कानडी दुकानापुरती.
सडल म्हणजे सैल, बिगी म्हणजे घट्ट,
नाळे बर्री, उद्या या.
मराठीत म्हणाल्या असत्या तर
वरच्यावर परतवलं असतं, चला, काहीतरीच.
अर्थ लागेपर्यंत
बाई कोपऱ्यावर पोचल्या होत्या
आणि शब्द आत.

बाटली संपली. थेंबांनी की कशानं,
मला विचारू नका.
परवा वीज गेली, माग गप्प झाले.
गळ्यातली टेप काढून स्वतःभोवती फिरवली.
सवयीनं श्वास ओढून धरला.
सोडला.
पुन्हा मोजलं.

नव्या पानावर आधी नाव: तुळसा.
दंड चौदा.
गळा पुढून खोल.
कधी मिळेल, त्या रकान्यात
नाळे.
शिंपिणीचं नाळे म्हणजे काय,
गल्लीला ठाऊक आहे.