गळ

आधी दिसला तो तंगूस,
हातभर, जाळ्यांच्या ढिगामागून फरपटत येणारा.
मग त्याच्या पुढे चालणारं तू:
करडं, एका कानाचं टोक तुटलेलं,
खालच्या ओठात गळ रुतलेला
आणि हनुवटीवर वाळून काळं झालेलं रक्त.

रमजानचा एकविसावा दिवस.
बिझर्तच्या जुन्या बंदरावरून
माणसं पाय ओढत घराकडे निघालेली.
मी सार्डिन टाकला.
तू वास घेतलास, जीभ बाहेर काढलीस, परत आत घेतलीस.
तीन दिवस तरी झाले असतील.
तुला कुणी सांगितलं होतं रोजा धरायला?

पकडण्यात तास गेला.
टॉवेल, टोपली, शिव्या,
माझ्या मनगटावर तीन ओरखडे, त्यातला एक खोल.
साठीतली बाई होडीखाली पोटावर सरपटते आहे
हे पाहून कॉफीवाल्या नाजीने खुर्ची फिरवून घेतली,
माझी लाज राखायला की स्वतःचं हसू लपवायला, त्याला ठाऊक.

डॉक्टर सलवा फोनवर म्हणाली, मी मातरला, आईकडे.
घशात गेला असेल तर उद्यापर्यंत हात लावू नकोस.
नुसता ओठात असेल तर, मोंजिया,
इस्पितळात चौतीस वर्षं टाके घातलेस तू.
माणसाचा ओठ आणि मांजराचा ओठ,
फरक फक्त चावण्याचा.

तेव्हा मी गाठ पाहिली.
दांड्यावर सात वेढे, आठवा उलटा.
ही गाठ हेदी बांधायचा.
हेदीला जाऊन सहा वर्षं झाली.
त्याच्या हाताखाली ती एकच माणूस शिकला,
आणि त्या माणसाने माझ्याशी बोलणं टाकलं
मी होडी विकली त्या दिवसापासून.

होडी त्याला मिळायची होती.
हेदी तसं म्हणाला होता, माझ्यासमोर, दोनदा.
मला छपराचे पैसे द्यायचे होते.
एवढंच कारण होतं, असं मी लोकांना सांगते.

लमीनच्या दाराशी टोपली ठेवली.
तो बाहेर आला, कमरेला स्वयंपाकाचं फडकं.
मी म्हटलं, "तुझा गळ आहे."
त्याने तुला पाहिलं, गाठ पाहिली,
माझ्याकडे पाहिलं नाही.
म्हणाला, "मी धरतो."

गळाला उलटा काटा असतो.
आला त्या वाटेने परत ओढला
तर मांस घेऊन येतो.
पुढेच ढकलायचा, म्हणजे आणखी दुखवायचं,
टोक पलीकडे दिसेपर्यंत. मग ते कापायचं.

मी ढकलला.
तू ओरडलं नाहीस.
पिवळ्या डोळ्यांनी माझ्याकडे पाहत
लमीनच्या अंगठ्यात दात रोवलेस.
"चावू दे," तो म्हणाला.
टोक आलं. पक्कड. टक्.
त्याच क्षणी किल्ल्यावर तोफ झाली
आणि आम्ही तिघंही दचकलो.

आमचे हात रक्ताने, आयोडीनने माखलेले.
त्याच्या बायकोने, जलीलाने, खजूर तोंडात घातले,
एक त्याच्या, एक माझ्या.
तुला बशीत माशाचं कोमट पाणी.
तू चाटत चाटत
बशी पार भिंतीपर्यंत सरकवत नेलीस.

होडीचं कुणी काढलं नाही.
मी म्हटलं, "उद्या इंजेक्शन घे.
भुंकायला लागलास तर जलीला मला धरेल."
तो अंगठा फडक्यात गुंडाळत होता.
"इंजिनाचे किती आले होते?"
मी खरा आकडा सांगितला.
"कमी आले," तो म्हणाला.

बाराव्या दिवशी माझ्या खिडकीतून तू गेलीस.
हो, गेलीस.
चौतीस वर्षं इस्पितळात काढून मला ते कळू नये!
जलीलाचा निरोप आला:
त्यांच्या जाळ्यांच्या खोलीत तू चार पिल्लं घातलीस,
लमीनला आत पाऊल टाकू देत नाहीस.
तो बाहेर उन्हात बसून गळ बांधतो,
सात वेढे, आठवा उलटा,
आणि उरलेला तंगूस, बोटभर तुकडासुद्धा,
डब्यात टाकून झाकण लावतो.