रकाना सातवा

मी मोजणी खात्यातला माणूस.
पालावाच्या चुनखडी टेकड्यांखाली
रूळ उचलून नेलेली जुनी सायडिंग,
उरलाय तो नुसता उन्हाकडे पाठ करून बसलेला बांध.
फॉर्मात सातवा रकाना : जागेवर कोण राहतं?
गाडीतून उतरायच्या आधीच मी लिहिलं होतं
शून्य.

कुबेशोवाबाई तिथे गुडघ्यांखाली पोतं घालून बसलेल्या.
एकतीस वर्षं इथेच सांधे बदलले, म्हणाल्या,
आता सांधे माझेच दुखतात.
मी विचारलं, काय शोधताय?
म्हणाल्या, हळू बोला, ती छप्पर घालतेय.

माशी होती. मधमाशी म्हणे.
मी म्हटलं, पोळं कुठंय?
बाई हसल्या. पोळं नाही, राणी नाही,
मधाची बरणी तर नाहीच नाही.
एकटीचं बिऱ्हाड, एकटीचा संसार,
आणि घर म्हणजे मेलेल्या गोगलगायीचा शंख.

काळी छाती, पोटावर विटकरी लव.
तिने शंखात परागाचा गोळा ठेवला होता, त्यावर एक अंडं,
चावलेल्या पानाची भिंत, मग खडे,
तिळाएवढे, एकेक निवडून.
आता ती गवताची काडी आणत होती,
आपल्या अंगाच्या पाचपट लांब,
पायांत धरून वाऱ्यात डोलत, पडत, परत उडत.
काडीवर काडी तिरकी.
पाऊण तास बघितलं मी. पुलाचे आराखडे
इतक्या वेळात मंजूर केलेत मी.

मग बाई थांबेचनात.
तो भोकातला काळा ठिपका पाहा, बूच नाही ते, डोकं आहे,
दारावर बसलीय, ओळखीशिवाय आत सोडत नाही.
ती पिवळ्या पट्ट्यांची गांधीलमाशीसारखी दिसणारी,
तिच्यापासून सावध, तीही मधमाशीच,
पण दुसऱ्याच्या घरात अंडं घालून जाते.
ही पांढरा मुखवटा घातलेली, मुंगीएवढी,
अंगावर लव नाही म्हणून पराग गिळूनच आणते.
जूनमध्ये या, निळ्या घंटाफुलांत
नर झोपतात, एका फुलात तिघं-चौघं,
आणि लांब मिशांचे ते दुसरे, घर नसलेले,
देठाला जबड्याने चावा घेऊन
रात्रभर तसेच लटकतात.

माझ्या मनगटावर काहीतरी बसलं. हात उगारला मी.
बाईंनी तो हवेतच धरला,
सांधा धरावा तसा, घट्ट.
घाम पितेय ती. पिऊ द्या.
तुमच्या खात्यातून कुणाला तरी काही मिळू दे.

निघताना एक शंख उचलला, आठवण म्हणून.
त्यावर काड्या नव्हत्या. वाटलं, रिकामा.
कचेरीत शिक्क्यांच्या खणात टाकला.
फॉर्म मी बदलला नाही. खरं ते सांगतो.
पेन काढलं होतं, पण रकान्याची रुंदी दोन सेंटिमीटर,
आणि आत लिहायचं काय, तेही ठरेना.

जानेवारी. बाहेर मिकुलोव्हचा रस्ता बर्फाने पांढरा.
खण उघडला तर शिक्क्यांमध्ये खडे.
अकरा. मोजले मी, सवय आहे.
आणि शाईच्या गादीवर ती,
विटकरी लव निळी झालेली,
माझ्या खोलीतल्या हीटरने तिला
वसंत आलाय असं खोटंच सांगितलेलं.

फोन केला. बाई बराच वेळ बोलल्या नाहीत.
काड्या घालायच्या आधी उचललात होय, म्हणाल्या.
मग : काड्यापेटीत ठेवा. भोकं पाडा.
थंड ठेवा, गार पडली की निजते.
घेऊन या.

चाळीस किलोमीटर.
गाडीतला हीटर बंद,
तोंडातून वाफ, बोटं बधिर,
शेजारच्या सीटवर पट्टा लावलेली काड्यापेटी.
आतून मधूनमधून खुडबुड येते.
ती थांबली की
मी गाडी कडेला घेतो
आणि कान लावतो.