दोन अर्धविराम

तहसील बंद. लेखणी बंद आंदोलनाचा तिसरा दिवस.
समोरच्या कडुनिंबाखाली स्टँपवाले उकंडराव
तोंडावर पेपर घेऊन झोपलेले.
म्हटलं, आज ती फाईल आवरू.

नऊशे बारा ओळी.
अकरा वर्षं एकेक टाकत गेलो,
रस्त्यात खिळा दिसला की माणूस खिशात घालतो, तशा.
एडिटर उघडताना आधी ही फाईल वाचतो,
मग मला ओळखतो.

वरच अक्षर मोठं केल्याची ओळ,
चष्म्याचा नंबर वाढला त्या वर्षीची.
मग मागचा काळा रंग. मे महिन्यात टिनाखाली
पांढरा पडदा बघवत नाही.
दर दहा सेकंदांनी आपोआप जतन,
ही लाईनची कृपा. एकाच कागदासाठी
नानाजी गावंडेंना तीनदा सगळं सांगावं लागलं होतं.
तिसऱ्यांदा म्हणाले, आता मलेच खोटं वाटून राह्यलं.

मोठ्या लिपीची जी कळ असते
तिला मराठीत काम काय?
तिला दुसऱ्या कामाला लावलं.
भाचा माझ्या खुर्चीत बसला की चिडतो,
मामा, तुमचं मशीन तुमच्यासारखंच आहे.

'सप' टाकलं की उमटतं
'सत्यप्रतिज्ञेवर कथन करतो की'.
'सपी' टाकलं की 'करते की'.
हे दुसरं सुचायला तीन वर्षं लागली.
तोवर बाया 'करतो' वरच सह्या करून गेल्या.

शब्दांची वेगळी फाईल केली.
लाडखेड, बोरी अरब,
यांच्याखाली तांबडी नागमोडी रेघ यायची,
जणू गावच चुकलं आहे.
पांदण घातला. बंडी घातली.
धुरा घातला,
त्याच्यावरच तर निम्मी तहसील चालते.

तळाशी देवानंदच्या ओळी.
हे सारं त्यानं शिकवलं, मग हैदराबादला गेला.
फोन आधी रविवारी, मग दिवाळीला.
चार ओळी, आणि त्यांच्या डोक्यावर
;; हे काढू नको. काहून, ते मंग सांगतो.

सांगितलं नाही.
मी पुसल्या नाहीत. प्रत्येकीपुढं
दोन अर्धविराम दिले फक्त.
ओळ राहते, चालत नाही.
दुकानामागं शकुंतलेचे रूळ आहेत तसं,
मधे तरोटा वाढलेला,
अन् गाडीची वेळ अजून उकंडरावांच्या तोंडी.

संप मिटला. सकाळीच शेवंता वऱ्हाडे आल्या.
सातबाऱ्यावर शेवंता, आधारवर शेवंताबाई,
बँकेत नुसतं एस. के.
ही तिन्ही एकच बाई आहे, असं लिहून पाहिजे होतं.
'सपी' टाकलं. छापलं.
त्यांनी कागद हातभर लांब धरला
आणि आडनावावर बोट ठेवलं.
"हे आमचं नोहे बाप्पा."

वर्हाडे.

र उडून ह च्या डोक्यावर बसला होता,
म्हशीच्या पाठीवर बगळा बसतो तसा.
दोन मिनिटं मला काहीच कळेना.
मग कळलं.

आठ अर्धविराम काढले. एडिटर बंद केला, उघडला.
वऱ्हाडे. र आपल्या जागेवर, विळ्यासारखा वाकून.
खाली एक ओळ जोडली
;; याच्यावाचून वऱ्हाड लिहिता येत नाही.

देवानंदला फोन लावला. वाजत राहिला.
कामाची वेळ असेल.

शेवंताबाईंनी चुकलेला कागदही घडी करून घेतला.
मागून कोराच आहे म्हणाल्या,
नातवाले होते चित्रं काढाले.