अकरा चौकटी

दांडिया बाजारची शाखा, टेबल नंबर चार.
जिगीषाबेननं फॉर्म माझ्याकडे सरकवला :
अकरा चौकटी,
एकेकीत एकच अक्षर,
कुणी कुणाला शिवायचं नाही.

मी मोडी वाचणारा माणूस.
आमची अक्षरं हात धरून चालतात,
ओळ संपेपर्यंत बोरू टेकलेलाच.
लायडनच्या कुणा बाईंना
एका बडोदेकर सावकाराच्या चाळीस हुंड्या
बाळबोधीत उतरवून दिल्या,
त्याचे तीनशे चाळीस युरो
तीन आठवडे कुठेतरी अधांतरी.

‘काका, आ तो मींडुं छे. ओ जोईए.’
तिकडे कळवलेल्या कोडात माझाच हात चुकला होता.
म्हटलं, गोल तो गोल.
पण खरंच,
पैशानं दारात येऊन हाक मारली असणार
आणि मी ओ द्यायच्या जागी
शून्य दिलं.

पहिली चार अक्षरं बँकेची,
दोन देशाची,
मग दोन गावाची : बी बी.
क्षणभर बरं वाटलं. बडोदं!
‘ना, ए तो मुंबई.’
उरलेल्या तीन चौकटी शाखेच्या,
आणि या शाखेला स्वतःचा कोडच नाही,
म्हणून तिनं तिथे ठेवून दिलं
एक्स एक्स एक्स.
मला हसू आवरेना.
आमच्याकडे छापता न येणाऱ्या शिवीच्या जागी
अशाच तीन फुल्या मारतात.
तिला हे कसं सांगणार?

हुंडीत लिहायचे :
तीनशे चाळीस, निमे एकशे सत्तर,
त्याचे दुप्पट पुरते देणे.
सवयीनं फॉर्मच्या कडेला तसंच लिहून गेलो.
‘अडधा केम?’
वाटेत कुणी शून्य वाढवू नये म्हणून.
‘सिस्टिममां जगा नथी, काका,’
असं म्हणत तिनं त्यावर पांढरी शाई फिरवली
आणि सुकेपर्यंत
फुंकर घालत बसली.

गुरुवारी पासबुकात रुपये उतरले.
उलटं गणित केलं तर तीनशे अठराचेच.
बावीस युरो मधल्या कुठल्याशा बँकेनं ठेवून घेतले,
जिचं नावही फॉर्मवर नव्हतं.
हुंडणावळ, मी म्हटलं.
जिगीषाबेननं तो शब्द
दोनदा तोंडात घोळवून पाहिला,
दुसऱ्यांदा जवळजवळ बरोबर,
आणि पुढचं टोकन पुकारलं :
त्रेपन्न.
त्रेपन्न नंबर.

कुणी ओ दिली नाही.