दाताळं

झाड न तोडताही जंगलात दिवसभर राबता येतं
हे मला ऑरेगॉनात आल्यावर कळलं.
पॉन्डेरोसा पाइनच्या बुंध्याशी गुडघे टेकायचे,
शंभर वर्षांच्या सुया दाताळ्यानं मागं ओढायच्या.
हातभर थर. वर कोरडा, खाली बुरशीचा वास.
चार पावलांचं रिंगण मोकळं झालं की पुढचं झाड.
आज सतरा.

शेजारी ऑर्विल ट्वीडी, वय एकाहत्तर.
तीस उन्हाळे आग विझवली त्यानं इथे,
विमानातून उड्या टाकून.
"एक ठिणगी सोडली नाही," म्हणतो
आणि सुयांचा ढीग बुटानं ढकलतो,
"हा बघ. हा सगळा माझा पगार."

त्याच्या ट्रकमध्ये एका पडलेल्या झाडाची चकती आहे.
कडेला आगीचे काळे डाग.
मधली वर्षं तो बोटानं मोजतो: नऊ, चौदा, अकरा, सात,
आणि मग काहीच नाही,
नुसतं वाढत गेलेलं लाकूड.
"तिथे आमच्या काड्या काढून घेतल्या,"
क्लॅमथ लोकांतली लेनोरा म्हणते,
हवामानाच्या आकड्यांवरून नजर न उचलता.

माझ्या गावी, मिचोआकानात, मक्याआधी रान भाजायचे.
वडील कान ओला करून वारा ऐकायचे.
हे मी कुणाला सांगितलं नाही.
दाताळं धरायला ते लागत नाही.

ऑक्टोबरात एका दुपारी लेनोरा म्हणाली, आता.
पेटत्या तेलाची झारी ऑर्विलच्या हातात.
तो हात तिरपा होईना.
कुणी घाई केली नाही.
मग एक थेंब, मग ओळ,
आणि आग गुडघ्याएवढी होऊन चालत गेली,
पाट मांडून बोलावलेल्या पाहुण्यासारखी,
झुडपं खात, रिंगणापाशी थबकत.
साली तापल्या. सगळीकडे व्हॅनिलाचा वास.

चौदावं झाड पडलं, अकरा दिवसांनी, रात्री.
चढाच्या बाजूनं मी कमी ओढलं होतं,
जेवणाची वेळ झाली होती म्हणून.
आत धुमसत राहिलं, मुळं शिजली.
चारशे वर्षांचं असेल.
ऑर्विलनं मला शब्द ऐकवला नाही.
त्याच्याच खोडावर बसून डबा उघडला,
अर्धं सँडविच माझ्यापुढे केलं.

सोमवारी उत्तरेचा उतार, दोनशे बारा झाडं.
दाताळ्याचा एक दात तुटलाय,
लेनोराला सांगून ठेवलंय.