आवक क्रमांक

म्हापसा नगरपालिकेत मी इतिवृत्त लिहितो.
म्हणजे लोक भांडतात
आणि मी लिहितो : साधकबाधक चर्चा झाली.
लोक उठून जातात
आणि मी लिहितो : सर्वानुमते.

मार्चच्या बैठकीत विषय क्रमांक सात,
शुक्रवारच्या बाजाराचा वारसा.
कमानीला रंग, चार दिवे, एक संगमरवरी पाटी;
आणि पाटी नीट दिसावी म्हणून
तिच्यासमोर बसणाऱ्यांना
मागच्या शेडमध्ये, नाल्यापलीकडे हलवणे.
हरकत असल्यास जागेचा जुना पुरावा
पंधरा दिवसांत सादर करावा.

चौदाव्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत,
गिरीची आनाक्लेता आली. चवरीस विकते.
बिस्किटांचा पत्र्याचा डबा टेबलावर ठेवला :
"मोज रे पुता."

आत सोपोच्या पावत्या.
सुतळीने बांधलेली एकेक वर्षाची जुडी,
जुडीत एक्कावन्न.
मी विचारलं, बावन्नावी?
"त्या शुक्रवारी आमचा देव क्रुसावर असतो.
त्या दिवशी कोण धंदा करतं?"

तळाला तांग, त्यावर एस्कुद,
त्यावर एकदम नवे पैसे.
राज्यं बदलली ती या डब्यात अशी,
कागदाचा रंग बदलत;
सोपो घेणारा हात तेवढा तसाच पुढे.

एक पावती तिने वेगळी काढली,
उंदराने कुरतडलेली, जांभळ्या शाईची.
"ही माझ्या आईची. टोपल्या दोन लिहिल्यात बघ.
तिची टोपली कायम एकच.
दुसऱ्या टोपलीत मी होते, आठ दिवसांची.
सोपोवाल्याने वाकूनसुद्धा पाहिलं नाही,
माझाही सोपो लावला."

मी शिक्का मारला. आवक क्रमांक दोन हजार तीनशे सतरा.
सोबतची कागदपत्रे : पावत्या.
संख्या : हा रकाना भरायला मला तीन दिवस लागले.
बोटांना लसणीचा वास राहिला,
तो साबणाने गेला नाही.

मग तो फायलीला लागला.
फायलीवरून कपाटाला,
घरपट्टीच्या नोंदवह्यांना, जन्ममृत्यूच्या दाखल्यांना.
शिर्का, धूर, सुकी मिरची.
वेलिंगकर इंजिनियर शाकाहारी,
ते नकाशे घेऊन व्हरांड्यात बसू लागले.

एप्रिलच्या बैठकीत फाईल टेबलावर उघडली
आणि अध्यक्षांनी नाक वर केलं : कोण जेवतंय?
कोणीच जेवत नव्हतं.
प्रभाग नऊचे म्हणाले, माझा आजा
दर शुक्रवारी एक सर गळ्यात घालून यायचा,
बोटीत जागा नसायची म्हणून.
प्रभाग चारच्या बाईंना मध्येच पाव आठवला,
भट्टीतला, खालून कोंडा लागलेला.
कोणीतरी कॉलऱ्याच्या वर्षाचं काही सांगू लागलं
आणि दोघांनी एकदम म्हटलं, नाही, ते वर्ष वेगळं.
पाटीवरचा मजकूर वाचायचा होता,
तो कुणाच्या हातात होता ते कळेना.
साडेबारा वाजले.
एकेक खुर्ची मागे सरकली,
जिन्यावर चपला वाजल्या.

वासाची नोंद कुठल्या रकान्यात करतात
ते नियमावलीत नाही.
मी लिहिलं : गणपूर्तीअभावी तहकूब.

पाटी आली आहे. जिन्याखाली आहे,
तोंड भिंतीकडे करून.
मे महिन्याची बैठक आचारसंहितेत गेली.
जूनचं अजून ठरत नाही.

आणि दर शुक्रवारी दुपारी
आनाक्लेता गुडघ्यावर हात टेकत वर येते,
त्या दिवसाची पावती घडी घालून पुढे करते.
डबा तुझ्याकडे आहे ना, म्हणते,
मग ही मी कुठे ठेवू?

मी तारीख टाकतो. शिक्का मारतो.
परवा तिने विचारलं,
एवढं लिहितोस तू दिवसभर,
तुझी पावती कोण फाडतं रे?